ठिगळ दिसू द्या

वाशीम जिल्ह्यात होडी? पुण्यात माझ्या टीममधल्या जवळजवळ प्रत्येकाने हा प्रश्न विचारून झालाय. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. वाशीम म्हटलं की सोयाबीन, तूर, उन्हाळ्यातली पाणीटंचाई आणि अलीकडे समृद्धी महामार्गावरची एक पाटी, यापलीकडे लोकांच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. पण वाशीमला लागून एकबुर्जी आहे, कारंज्याकडे अडाण आहे, शिवाय लहानमोठे तलाव आहेत. आणि जिथे साठलेलं पाणी तिथे मासेमारी आलीच. कटला, रोहू, मृगळ. मच्छीमारांच्या सोसायट्या तलाव ठेक्याने घेतात, बीज सोडतात, जाळी लावतात. जाळी लावायला काही जण अजूनही ट्रकची ट्यूब नाहीतर थर्माकोलचा तराफा वापरतात. ज्यांना जमलं त्यांच्याकडे फायबरची होडी असते.

तर आजचा विषय या होडीचा रंग. म्हणजे कसं, होडीचा टवका उडाला, रंग खरवडला, तर दुरुस्त करताना नवा रंग जुन्यात इतका बेमालूम मिसळायचा का, की तिथे काही झालं होतं हे कुणाला कळूच नये? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. नुसता वरचा रंग गेला असेल तर खुशाल मिसळा. पण खालचं अंग फुटलं असेल, तर ठिगळ दिसलं पाहिजे.

हे डोक्यात यायचं कारण माझे मामा. मामा डेंटर-पेंटर आहेत, तीस वर्षं वाशीमला गाड्या रंगवतात. गाडीचा दरवाजा त्यांच्या हाताखालून गेला की तो ठोकला होता हे ठोकणाऱ्यालाही सांगता येत नाही. गेल्या मे महिन्यात मी घरी गेलो तेव्हा त्यांच्या शेडमध्ये गाडीऐवजी एक निळी होडी पालथी पडली होती. धरणातलं पाणी उतरलं, बुडालेल्या बाभळीचं खोड वर आलं, आणि होडी नाकाजवळ त्याच्यावर चढली. तळाला, जिथे दोन बाजू खाली एकत्र येतात तिथे, हाताच्या पंजाएवढा भाग फुटून आतली मॅट दिसत होती. आजूबाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर पुढचे तीन-चार परिच्छेद सोडा, पण माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

फायबरच्या होडीवर आपण ज्याला रंग म्हणतो तो बहुतेक वेळा रंग नसतोच. होडी साच्यात उलटी बनते. आधी साच्याला आतून जेलकोट मारतात, म्हणजे रंग कालवलेलं घट्ट रेझिन. ते जरा धरलं की त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन असे एकावर एक थर. साच्यातून काढल्यावर जेलकोट बाहेरच्या बाजूला येतो. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याचं काम शोभेचं कमी आणि मॅटला ऊन-पाण्यापासून वाचवायचं जास्त. तो फुटला की पाणी हळूहळू धाग्यांत शिरतं, आणि एकदा शिरलं की वरून कितीही रंग फासा, ते आतच राहतं.

म्हणून पहिलं काम रंगाचं नाही, वाळवण्याचं. होडी आठवडाभर उन्हात पालथी. (वाशीमच्या मे महिन्यात निदान याला तरी तोटा नाही.) मग थिनरने पुसणं, आणि हे घासायच्या आधी. जुनं मेण-पॉलिश-तेल तसंच ठेवून पॉलिश पेपर मारला तर ते चरांमध्ये आणखी खोल बसतं आणि नवा थर धरत नाही. त्यानंतर फुटलेला भाग नुसता भरायचा नाही, तर त्याच्या कडा बशीसारख्या उतरत्या घासायच्या. होडी सहा मिलिमीटर जाड असेल तर उतार बारापट, म्हणजे चारही बाजूंनी सत्तरेक मिलिमीटर. पंजाएवढ्या जखमेचं ताट होतं. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस दुरुस्त करतोय की मोडतोय! पण नवी मॅट जुन्या मॅटला जितक्या लांबवर चिकटेल तितका जोड पक्का. चिरासुद्धा वरून बुजवून भागत नाही. खालचं अंग लवतंय म्हणून चिरा पडल्यात. ते लवणं थांबलं नाही तर पुढच्या मोसमात चिरा परत हजर.

गाडीची पुट्टी इथे चालत नाही हे मामांना ठाऊक होतं. त्या पुट्टीत टाल्कसारखी पावडर असते, ती पाणी पिते. बोनेटवर ठीक, पाण्याखाली नाही. रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर त्यांनी वेगवेगळं मागवलं आणि एक गोष्ट शेडमधल्या पोराला तीन वेळा बजावली: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटायचा, मगच हार्डनर. दोघांची थेट गाठ पडली तर भडका उडतो. काम सकाळी सहाला, कारण दुपारच्या उन्हात डब्यातलं रेझिन ब्रश बुडवेपर्यंत दगड होतं.

आता रंग मिसळणं. इथे मामांसमोर मला हात जोडावेसे वाटतात. जेलकोटवर ऊन पडत राहिलं की वरचा थर खडूसारखा पांढुरका होतो. त्या पांढुरक्या निळ्याशी नवा निळा जुळवायला गेलात तर फसलात. आधी जुना भाग कंपाउंडने घासून खरा रंग बाहेर काढायचा, मग जुळवायचं. जुळवायचं तेही उन्हात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन निळे बाहेर आल्यावर भांडू शकतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रकाश बदलला की वेगळी वागतात. हवा लागली की जेलकोटचा वरचा पापुद्रा चिकटच राहतो, म्हणून त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवायचा, सुकल्यावर सोलायचा. मग पाण्यासोबत पेपर: दोनशे वीस, चारशे, आठशे, बाराशे. शेवटी कंपाउंड.

आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे कडा मारणं. आपल्या डोळ्याला दोन रंगांमधला फरक तितका दिसत नाही जितकी त्यांच्यामधली कड दिसते. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये यावर लिहिलं होतं. उजेड जिथे एकदम बदलतो तिथे डोळा स्वतःहून एक गडद आणि एक उजळ पट्टा आखतो. (इमेज प्रोसेसिंग शिकलेल्यांना माख बँड आठवत असतील. परीक्षेपुरते का होईना.) मामांनी माखचं नाव ऐकलेलं नाही, पण स्प्रे गन हलवताना मनगट असं वळवतात की रंग कडेला विरत विरत संपतो. गाडीचा दरवाजा रंगवायचा असेल तर शेजारच्या दरवाज्यावरही थोडा फुलोरा नेतात. रंगात फरक राहिला तरी तो इतक्या हळू बदलतो की डोळ्याला पकडायला जागाच उरत नाही. नाहीतर मग कड जिथे मुळातच आहे तिथे न्यायची. होडीच्या काठाखालची पट्टी, पाण्याच्या पातळीची रेघ. दोन रेघांमधला पूर्ण पट्टा रंगवला की मिसळायचा प्रश्नच मिटतो.

मात्र ‘जुन्याशी जुळवायचं’ म्हटलं की एक भानगड लगेच उभी राहते. कोणत्या जुन्याशी? साच्यातून निघाली तेव्हाच्या गडद निळ्याशी, की दहा उन्हाळे खाल्लेल्या निळ्याशी? हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो ते बघायला आम्हाला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीला लेप करावा लागतो. त्या लेपावर कटिसूत्र आणि कछोटा यांच्या रेषा असाव्यात की नसाव्यात यावरून श्वेतांबर आणि दिगंबर पंथांमधला वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९८१ मध्ये दाराला कुलूप लागलं, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने श्वेतांबर पक्षाला लेपाची परवानगी दिल्यावर मार्चमध्ये दार उघडलं. त्या वादात पडायची माझी पात्रता नाही आणि इच्छाही नाही. एवढंच दिसतं की वरचा थर नवा केला की ‘आधी काय होतं’ हेही त्या थराबरोबर ठरून जातं.

आमच्या होडीचा वाद अर्थातच खूप लहान होता. सोसायटीला ती विकायची होती. शेजारच्या तालुक्यातला एक गट घ्यायला तयार होता, त्यांनी होडी पाण्यात असताना एकदा पाहिली होती, फुटल्यानंतर नाही. सोसायटीतल्या दोघा-तिघांचं म्हणणं सरळ होतं. मामांचा हात असा आहे तर ठिगळ दाखवायचंच कशाला? काम तर पक्कं झालंय ना? दिसलं की गिऱ्हाईक भाव पाडणार.

मामा तयार होते. पैशासाठी नव्हे, मला तसं अजिबात वाटत नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता आणि तो मला आजही खोडता येत नाही. “भाचेबुवा, ठिगळ दिसलं त लोकं म्हंतीन मामाले काम येत नाई.” ज्या माणसाने आयुष्यभर न दिसणारं काम करून नाव कमावलं, त्याला दिसणारं काम कर म्हणणं म्हणजे गवयाला मुद्दाम बेसूर गा म्हणण्यासारखं आहे.

उलट बाजूला एक म्हातारे काका होते, सोसायटीतले सगळ्यात जुने. ते होडीला डोंगाच म्हणतात. त्यांनी फार वाद घातला नाही. “डोंग्याले पाण्यात जायचं हाय, लग्नात नाई. ठिगळ दिसलं त पोरं तिथी दगड आपटत नाई.” दगड म्हणजे नांगर. दोरीला बांधलेला मोठा दगड, वापरून झाला की ओढून होडीत टाकतात, आणि पोरं तो कुठेही धाडकन टाकतात. जोडाची जागा कळत असेल तर दगड तिथे पडणार नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. दुरुस्ती पक्की आहे की कच्ची हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पक्की असली तरी ती जागा वेगळी झाली आहे, आणि होडी वापरणाऱ्याला ते कळायला हवं.

मला हे शंभर टक्के पटतं. बेमालूम दुरुस्तीत खोटेपणा असतोच असं नाही. मामांचं काम पक्कंच होतं. पण त्यातून एक माहिती पुसली जाते, आणि ती नेमकी ज्याला लागणार असते तो माणूस त्या वेळी शेडमध्ये नसतो. विकत घेणारा गट, त्यांची पोरं, चार वर्षांनी तीच होडी परत दुरुस्त करणारा कुणीतरी. त्या चौथ्या वर्षीच्या माणसाने तिथे ग्राइंडर लावला तर खाली मूळ थर आहेत की नंतरचा जोड आहे हे त्याला कशावरून कळणार?

शिवाय लपवलेलं लपून राहतच नाही. नवा जेलकोट आणि जुना जेलकोट उन्हात एकाच वेगाने उतरत नाहीत. आज बेमालूम असलेली जागा दोन-तीन उन्हाळ्यांनी डागासारखी वर येते. म्हणजे ठिगळ दिसणार ते दिसणारच, फक्त तोपर्यंत ते कशाचं आहे हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

रंगाखाली लपवण्याला जुना आणि काळा इतिहास आहे. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये काही जहाजांना लोक सरळ ‘शवपेट्या’ म्हणत. जुनी, कुजकी, वरून ठासून माल भरलेली, आणि किमतीपेक्षा जास्त विमा उतरवलेली. बुडाली तर मालकाचा फायदाच. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने पार्लमेंटमध्ये याच्यावरून आकाश-पाताळ एक केलं आणि १८७६ मध्ये कायदा झाला. त्यातून जे आलं ते मला फार आवडतं: जहाजाच्या अंगावर रंगाने काढलेली एक खूण. पाणी या रेघेच्या वर आलं की माल जास्त झाला. प्लिमसॉल रेघ म्हणतात तिला, आजही प्रत्येक मोठ्या मालवाहू जहाजावर असते. धक्क्यावरच्या कुणालाही, अक्षरशत्रू असला तरी, लांबून वाचता येते. म्हणजे रंग सांगूही शकतो आणि झाकूही शकतो. पाण्यावर चालणाऱ्या वस्तूचा रंग सांगणारा असावा, एवढाच माझा हट्ट.

पण मामांच्या मुद्द्याचं काय? तो मनातून जाईना, म्हणून पुण्याला परत आल्यावर मी जरा वाचलं. ज्यांचं कामच जुन्या वस्तू दुरुस्त करण्याचं आहे अशा संग्रहालयवाल्यांना हा पेच कधीच पडलेला आहे. त्यांचा एक ढोबळ नियम आहे: दुरुस्ती सहा फुटांवरून दिसू नये आणि सहा इंचांवरून दिसावी. रोमच्या सरकारी जीर्णोद्धार संस्थेत चेझारे ब्रांदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात त्यासाठी एक पद्धतच बसवली. चित्रातली गेलेली जागा सपाट रंगाने न भरता बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून रेघा एकमेकींत मिसळतात आणि चित्र अखंड दिसतं. जवळ गेलात की रेघा दिसतात आणि मूळ चित्रकाराचं कुठे संपलं, दुरुस्ती कुठे सुरू झाली, ते कळतं. पद्धतीचं नाव त्रातेज्जो. मामांच्या पिढीने असं काही पाहिलं असतं तर त्यांना कमीपणा वाटला नसता, कारण ते करायला उलट जास्त हात लागतो.

याच्या अगदी विरुद्ध उदाहरण आपल्याकडेच आहे, अजिंठ्याला. वाशीमकर म्हणून इथे थोडा भाव खाऊन घेतो. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं करवून घेतलं. तर त्या अजिंठ्याची चित्रं वाचवायला निजाम सरकारने १९२० ते १९२२ मध्ये चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारा गिलावा भिंतीला धरून ठेवण्याचं मोलाचं काम केलं. पण चित्रांवर लाखेचं वॉर्निश मारलं. तेव्हा रंग उजळले असतील, पण लाख पुढे पिवळी पडत गेली, धूळ-काजळी धरून बसली, आणि पुढच्या पिढ्यांनी अजिंठ्याचा रंग म्हणून जो पिवळट तपकिरी रंग पाहिला त्यात या थराचाही वाटा होता. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना नंतर तो थर हळूहळू काढत बसावं लागलं. हेतू चांगला, माणसं जाणकार, तरीही वरचा थर आणि मूळ चित्र एकच होऊन बसलं. सहा इंचांवरूनही वेगळं कळेना, ही खरी अडचण.

आता याचा अर्थ मी प्रत्येक ओरखड्याची प्रदर्शनं भरवा म्हणतोय का? मुळीच नाही. धक्क्याला घासून जेलकोटवर ओरखडा आला, मॅट शाबूत आहे, तर भरा, घासा, चमकवा, विसरून जा. कोकणात लाकडी बोटी पावसाळ्याच्या बंदीत वर ओढून, शिवणी नव्याने भरून, दर वर्षी सगळ्याच रंगवतात आणि नारळी पौर्णिमेला नव्या नवरीसारख्या पाण्यात जातात. त्याला मी लपवणं म्हणणार नाही. तिथे सगळ्यांना माहीत असतं की रंग दर वर्षी नवा असतो आणि रंगाखालची बोट जुनी असते, म्हणून घेणारा आतून फळी आणि खिळे बघतो. फायबर मात्र फसवं आहे. त्याला फळी नाही, शिवण नाही, आतून-बाहेरून एकसारखं गुळगुळीत. ते बोलत नाही. म्हणून त्याच्यावर लिहावं लागतं.

आपल्या धंद्यातले लोक हे वाचताना ओळखीचं हसतील. रिलीजच्या आदल्या रात्री केलेला हॉटफिक्स कुणी तरी ‘कोड साफ केला’ अशा एका ओळीखाली गुंडाळून टाकतो, आणि दोन वर्षांनी दुसराच कुणीतरी ती विचित्र अट काढून टाकतो, कारण ती तिथे का आहे हे लिहिलेलंच नसतं. सुंदर, एकसारखा, वास न येणारा कोड. ठिगळ कुठे आहे ते कळत नाही, म्हणून दगड नेमका तिथेच पडतो. असो. ऑफिसचं शनिवारी नको.

त्यापेक्षा जुन्या गाडीचं बोलू, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे तरी आत्ता सेकंडहँड गाडी शोधत असतील. ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ या शब्दावर जाऊ नका. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो. पुन्हा रंगवलेला पत्रा दोनशेच्या वर जातो आणि खाली पुट्टी असेल तर आकडा कितीतरी पुढे पळतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र ओळखीत कुणाकडे असेल तर मागून घ्या. नसेल तर रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. पुट्टीवर त्याची पकड सैल होते. पुन्हा रंगवलेला दरवाजा दिसला म्हणून पळ काढायचं कारण नाही. दरवाजा कुणाचाही लागतो. पण विकणारा ‘काहीच झालेलं नाही’ म्हणत असेल आणि छताच्या खांबावर आकडा उडी मारत असेल, तर मात्र तिथूनच नमस्कार करा. मामा स्वतः भाच्यासाठी गाडी बघायला येतात तेव्हा आधी रंगाकडे बघत नाहीत. दाराचे रबर ओढून खाली बघतात. लपवणाऱ्यालाच ठाऊक की कुठे लपत नाही.

होडीचं मग काय झालं, तर मधला मार्ग निघाला, आणि त्यात माझ्यापेक्षा काकांचा वाटा जास्त. रंग मामांनी तंतोतंत जुळवला, ते त्यांच्याने राहवलंच नाही. पण कड विरवली नाही. ठिगळाचा आकार स्वच्छ, सरळ चौकोनी ठेवला, कोपरे गोल केले आणि बाजूची बारीक रेघ तशीच सोडली. पाच-सहा फुटांवरून निळी होडी, हात लावायला गेलात तर चौकोन. आतल्या बाजूला शेवटच्या मॅटवर मार्करने महिना, वर्ष आणि ‘दोन्हीकडून मॅट’ असं लिहिलं आणि त्यावर रेझिनचा पातळ हात दिला, म्हणजे अक्षरं पाण्याने जाणार नाहीत. मामांनी खाली आपली सहीही ठोकली. दिसणारं काम करायचंच तर निदान कुणाचं ते तरी कळू दे, हा त्यांचा हिशेब. घेणाऱ्यांनी चौकोन पाहिला, अपेक्षेप्रमाणे भाव पाडला. दोन हजार कमी मिळाले, ते सोसायटीतल्या दोघांनी मला फोनवर ऐकवले. माझ्या मते ते दोन हजार होडीच्या किमतीतले नव्हतेच. ते ज्याला माहिती नव्हती त्याच्या खिशातले होते. यावर त्या दोघांचं मत अर्थातच वेगळं आहे.

मला आता असं वाटतं की ही आतल्या बाजूने लिहायची पद्धत सरसकट व्हावी. आपल्याकडे १९१७ चा जुना अंतर्देशीय जहाज कायदा जाऊन २०२१ चा नवा आला, त्यात नोंदणी आणि तपासणी यांचं बरंच काही आहे. पण चार माणसांची, वल्ह्याची होडी तपासायला कोण येणार? तिथे तपासणारा म्हणजे होडीत बसणाराच. रिसॉर्टच्या तलावात, धरणावरच्या बोटिंगला, किंवा पुरात शेतातून गावात येताना, आपण ज्या होडीत पाय ठेवतो तिची फाइल कुठेही नसते. असेल तर ती होडीच्या अंगावरच असायला हवी.

आणि कधी फायबरची होडी घ्यायची वेळ आली, किंवा नुसतं कुतूहल म्हणून बघायचं असेल, तर खिशातून एक नाणं काढा आणि तळावर टकटक करत फिरवा, नाकापासून मागे, तळाच्या मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी. घट्ट अंगाचा आवाज टणटणीत येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी असेल तिथे तो एकदम बसका होतो, पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. चमक कितीही असो, आवाज पॉलिश करता येत नाही. बसका आवाज आला त्या जागेवर खडूने गोल करा, होडी उलटी करून आतून तीच जागा बघा, आणि तिथे काही लिहिलेलं नसेल तर विकणाऱ्याला विचारा.